कुलपाला विचारलेले प्रश्न

मी बडबड्या माणूस. परळीच्या बाजारपेठेत वाढलो. दुकानात गप्प बसून कुणाचं भागत नाही. बायकोला माझं सगळं पाठ आहे, अगदी परीक्षेत नापास झालो होतो तेसुद्धा. हे तेवढं तिलाही माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? — तेही मला नीट कळलेलं नाही.

पाटोदा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात नव्या मोठ्या मॅडम आल्या होत्या. त्यांचं एकच म्हणणं — संशोधन ही काही मोठ्या कॉलेजांची मिरासदारी नाही. प्रत्येक केंद्रानं आपल्या गावाला एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर शोधून आणायचं. चहा पिताना आम्ही त्यांची टिंगल करायचो. इथं सलाईनचा स्टँड मोडलाय आणि बाईंना संशोधन हवंय! पण बैठकीत पहिला हात मीच वर केला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका कोणकोणती दुखणी अंगावर काढतात, हा माझा प्रश्न. प्रश्न चांगला होता. म्हणूनच जास्त लागतं.

मग — मग काय? आज करू, उद्या करू. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघून गेल्या. दिवाळीनंतर वस्त्या ओस पडतात हे बीडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत नव्हतं का? ट्रॅक्टर माझ्याच केंद्रासमोरून गेले. वर बसलेल्या बायकांनी हात केला, मीही केला.

अहवालाची तारीख जवळ आली. टॅबवर माहिती भरायची तर त्या-त्या घरासमोरच उभं राहावं लागे, नाहीतर पान उघडत नसे. प्रश्न विचारतानाचं रेकॉर्डिंगही चालू ठेवावं लागे. ती रेकॉर्डिंगं ऐकायला जिल्ह्यात माणूस नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर एका दुपारी मी एकटाच वस्तीवर गेलो. कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहायचं, घरच्या बाईचं नाव घेऊन मोठ्यानं विचारायचं — पोटात दुखतं का? अंगावरून जास्त जातं का? — क्षणभर थांबायचं, आणि उत्तर आपणच भरायचं. मग पुढचं दार. पहिल्या दोन-चार घरांना मला हसू आलं. मग येईना. ओस वस्तीत स्वतःचा आवाज ऐकलाय कधी? भिंतीला लागून परत येतो, पण आपला वाटत नाही. वस्तीवरची कुत्री भुंकलीसुद्धा नाहीत. ती गुपचूप माझ्या मागून दारोदार येत होती, आणि मी प्रश्न विचारला की दाराकडे बघत होती.

अगदी कडेचं घर मीराबाईचं. त्यालाही कुलूप होतं. मी विचारलं — मीराबाई, पोटात दुखतं का? आणि थांबलो.

"दुखतंय," आतून आवाज आला. "लई दुखतंय."

बाईचा आवाज. म्हातारा, कोरडा, आणि दाराच्या अगदी मागून. कुत्री दोन पावलं मागं सरकली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आजही नाही. मला भीती वाटली ती वेगळीच. आत कुणीतरी आहे, म्हणजे त्यानं मला कुलपांशी बोलताना ऐकलं — हा विचार आधी आला. कुणाचं तरी दुखतंय, हा नंतर. आणि मी डॉक्टर होतो हो! स्टेथोस्कोप खांद्यावरच्या पिशवीत होता. हाक मारून विचारता आलं असतं, किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी करता आली असती. मी टॅबवर 'नाही' दाबलं आणि निघालो.

काही दिवसांनी त्या वस्तीवरची, टोळीबरोबर न गेलेली सरूबाई केंद्रात आली. मीराबाईची सासू वारली, हे सांगायला. म्हातारीला टोळीबरोबर नेता येत नव्हतं, म्हणून सुनेनं तिला सरूबाईच्या भरवशावर मागं ठेवलं होतं. सरूबाई दोन्ही वेळा खाऊ घालायची, आणि कुत्री आत शिरतात म्हणून जाताना कुलूप लावायची. मी गेलो त्या दुपारी ती पाटोद्याच्या बाजाराला गेली होती. म्हातारीचं पोट फुगलं होतं म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो — आधी का नाही आणलं?

"कळावं कसं, सायेब? लकवा मारल्यापसून तिची वाचाच गेलती. एक शबुद न्हाई फुटला कवा तोंडातून."

मी खुर्चीवरून उठलो आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिलो. ते सरूबाईनं पाहिलं. तिला वाटलं, डॉक्टर हळव्या मनाचा आहे.

अहवालात आमच्या वस्तीतल्या बायका ठणठणीत निघाल्या. मॅडमनी भर बैठकीत कौतुक केलं, आणि पुढं नव्या डॉक्टरांना संशोधन शिकवायला मलाच बसवलं. अजून तेच करतो. चांगलं शिकवतो म्हणतात. प्रश्न विचारला की थांबा, उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका — असं सांगतो, आणि ती मंडळी खरंच थांबतात. त्यांची कामं खरी असतात. वर्गात हे वाक्य बोलून झालं की मीही क्षणभर थांबतो. तेवढ्या शांततेत माझं लक्ष नेहमी दाराकडे जातं.

मीराबाई हंगाम संपल्यावर आली होती. उन्हानं काळवंडलेली, हातांना उसाच्या पात्याचे ओरखडे. शेवटी आत्याबाईंना त्रास झाला का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, नाही.

ते रेकॉर्डिंग मी एकदाच ऐकलं. त्यात म्हातारीचा आवाज नाही. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, भास झाला तुम्हाला, सोडून द्या. पण त्यात माझा प्रश्न आहे. मग शांतता आहे. आणि मग माझी पावलं वाजतात — आधी हळू, मग भराभर, दारापासून लांब जाणारी.