दार धरणारा भिवा

२०२५ साल. मी बहात्तरचा, माझा भाचा प्रसाद त्रेचाळीसचा. यात आधी कोणी जायचं हे कळायला शाळा लागत नाही, मी चौथीत सोडली तरी मला कळतं. गुरुवारी दुपारी त्याच्या बायकोचा, मनीषाचा फोन आला आणि मी आधी तिच्यावरच ओरडलो, "काय बोलतेस, शुद्धीवर आहेस का?" जेल रोडला स्कूटर कडेला लावली म्हणे, छातीवर हात ठेवला आणि खाली बसला, तो बसलाच. लोक विचारतात, मामा, तुम्हाला काय वाटलं? राग आला. आजही येतो. त्याच्या आधीच्याच रविवारी त्यानं खेळ अर्ध्यात थांबवला होता. खेळातला माझा भिवा दारात तलवार रोवून उभा, पलीकडून राक्षस ढकलतायत, आणि हा फासे गोळा करत म्हणाला, "धरून ठेवा मामा, पुढच्या रविवारी बघू." ...मी अजून धरूनच आहे.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर माझी सगळी नोकरी झाली, रिटायर झाल्यावर रविवारी प्रसादकडे जेवायला जायचो. तिथं जेवणाच्या टेबलाभोवती ही मंडळी बसलेली असायची. प्रसाद, त्याचा मित्र रोहित, आणि देवळाली कॅम्पातून बसनं येणारी शर्वरी. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि जे करायला जाऊ ते जमलं का नाही ते फासा ठरवणार. गोष्ट प्रसाद सांगायचा. रोहित मांत्रिक, शर्वरी वैद्य. वर्षभर मी बाजूला बसून हसलो. मग एकदा प्रसाद म्हणाला, "मामा, हसता काय नुसते, एक जागा रिकामी आहे, बसा." मी म्हटलं, बसतो, पण तुझं मंत्रतंत्र नको, हातात हत्यार दे. म्हणून मी लढवय्या झालो. नाव ठेवलं भिवा.

तो पहिला भिवा लवकर मेला. दोराच्या पुलावरून जाऊ नका असं सगळे सांगत होते, मी गेलो. फासा वाईट पडला. शर्वरी म्हणाली, "दादा, मामा नवीन आहेत, वाचव ना." प्रसादनं मान वर केली नाही. "फासा पडला. भिवा मेला." मी चहा तसाच टाकून उठलो. दोन रविवार गेलो नाही. त्यानं साधा फोन केला नाही, या मामा, असं म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी मीच गेलो, तर त्यानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "नाव?" म्हटलं, "भिवाच." म्हणाला, "लिहा." संपलं. शोकसभेत एक जण बोलला, प्रसाद फार मऊ स्वभावाचा होता. मऊ! हा माणूस कधी त्याच्या टेबलाला बसला नसणार.

खरं भांडण पुढं झालं. सुरुवातीला माझ्यावाचून कोणाचं चालत नव्हतं. रोहितचा मांत्रिक एक ठिणगी टाकायचा आणि माझ्या पाठीमागं लपायचा. पण खेळ वर चढत गेला, प्रत्येकाची ताकद वाढत गेली, तसा हा मांत्रिक उडायला लागला, कुलपं नुसत्या बोटानं उघडायला लागला, अख्खी फौज एका मंत्रात जाळायला लागला. मी एकाला पाडेपर्यंत हा चहा पिऊन मोकळा. एका रविवारी मी फासा टेबलावर आपटला. "मला कशाला आणलंय रे? सामान उचलायला?" रोहित म्हणाला, "मामा, विझार्ड असाच असतो. खेळाच्या पुस्तकात लिहिलंय." मी म्हटलं, "मग ते पुस्तक विझार्डनंच लिहिलं असणार." शर्वरी हसून हसून खोकायला लागली. प्रसाद मात्र हसला नाही. म्हणाला, "मामा, हे भांडण जगभर चालू आहे. लढवय्या आणि मांत्रिक तोलात कसे आणायचे, अजून कोणाला धड जमलेलं नाही."

"मग आपण नाशिक रोडला जमवू."

"कसं? तुमची तलवार मोठी करू?"

मी म्हटलं, तलवार घाल चुलीत. आणि त्याला पट्ट्याचं सांगितलं. पट्टा बंद करून एखादा फिटर आत दुरुस्तीला उतरला की आम्ही स्विचपाशी एक माणूस उभा करायचो. काम आतला करतो. बाहेरचा काहीच करत नाही, नुसता उभा. पण तो तिथून हलला, आणि कोणी येऊन स्विच दाबला, तर आतला गेला. "आता सांग, यात मोठा कोण?" प्रसादनं फासा खिशात टाकला. मग म्हणाला, "जेवायला बसा."

पुढच्या रविवारी त्यानं नियम आणला. मोठा मंत्र एका दमात होणार नाही, त्याला तीन फेऱ्या लागणार, आणि तेवढ्यात मांत्रिकाला धक्का लागला तर मंत्र फुकट. लढवय्या दारात उभा राहिला तर त्याला ओलांडून कोणी आत येणार नाही. पण प्रत्येक फेरीचा मार त्यानं खायचा. हलला की सगळे मेले. मी म्हटलं, मार जरा कमी ठेव. तर मला म्हणतो, "मग दार धरण्यात काय मोठं, मामा?" फळांच्या खोक्याच्या फळीतून त्यानं बोटभर उंचीचं दारही कोरून आणलं होतं, त्यात भिवा म्हणून मी मांडायचो तो मातीचा बाहुला बरोबर बसायचा. तेव्हापासून त्या टेबलाचा रंगच बदलला. मी इकडं मार खातोय, ओरडतोय, "रोहित, झालं का रे?" आणि तो तिकडून आरामात, "चालू आहे मामा, धरा." शर्वरी खुर्चीवर पाय घेऊन बसायची. मनीषा कणकेच्या हातानं बाहेर येऊन विचारायची, "कोणी मेलं का?"

प्रसादला जाऊन महिना झाल्यावर मनीषानं आम्हाला बोलावलं. म्हणाली, खेळ बंद करू नका, रविवारी घर खायला उठतं. रोहित म्हणाला, गोष्ट आता मी चालवतो. चांगलं झालं. मग म्हणाला, "पण पुस्तकाप्रमाणे खेळू. दाराचा नियम काढू." का रे बाबा? तर खाली बघून, हळू आवाजात, "तो दादानं मामांचं मन राखायला केला होता."

तो वाईट बुद्धीनं बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "ज्यानं माझा भिवा माझ्यादेखत मारला आणि फोन केला नाही, तो माझं मन राखील? लाडाचा नियम असता तर त्यात मार ठेवला असता का त्यानं?" रोहित म्हणाला, "मामा, चिडू नका." "मग काय टाळ्या वाजवू?" शर्वरी रडायला लागली. मी उठलो. जिन्यात मनीषानं ते दार आणि भिवा माझ्या पिशवीत टाकला. म्हणाली, "मामा, हे तुमच्याकडं राहू द्या."

पण रिक्षात बसल्यावर ते वाक्य आत शिरलं ते शिरलंच. खरंच कीव केली असेल का त्यानं माझी? एवढी वर्षं टेबलावरचे सगळे मला म्हातारा म्हणून सांभाळून घेत होते का? हे एका माणसाला विचारायचं, आणि तो माणूस निघून गेलेला. मेलेल्याशी भांडता येत नाही, याच्यासारखा अन्याय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पिशवी घेऊन मी रोहितच्या घरी गेलो. तो बनियनवर दार उघडायला आला. "मामा, मला कामावर जायचंय." म्हटलं, जा, तीन फेऱ्या झाल्या की जा. त्याच्या चहाच्या टेबलावर मी ते लाकडी दार उभं केलं, दारात भिवा ठेवला आणि भिवा त्याच्याकडं सरकवला. "आज हा तुझा. मांत्रिक मी. राक्षस आपण सोडले होते तिथंच आहेत. कीव केलेला नियम आहे ना, मग सोपा असेल." त्यानं एका हातात चहाचा कप घेतला. फासा टाकला. मार बसला. दुसरा टाकला, आणखी बसला. आता तो खुर्चीच्या कडेवर आला होता, हातातला कप तसाच, आणि मी त्या लाकडी दाराकडं पाठ करून बसलेलो.

"मामा," तो म्हणाला, "झालं का हो?"

"चालू आहे," मी म्हटलं. "धर."