झाकलेली खोट

केळापूरजवळ संकरित कपाशीचं बियाणं तयार करायच्या शेतावर मी कृषी महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन जायचो, तेव्हा तिथं मजुरीला येणारी ती बाई रोज दिसायची. नाव कधी विचारलं नाही. उजव्या अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं होतं. संध्याकाळी मादी म्हणून निवडलेल्या झाडाची कळी ती त्या नखानं सोलायची, आतले पुंकेसर अलगद काढायची आणि खुणेला लाल दोरा बांधायची. सकाळी नर झाडाचं फूल त्यावर टेकवायची, लेकराच्या कपाळाला अंगारा लावावा तसं.

एका संध्याकाळी मी मुलांना विचारलं, "आई-बाप दोन्ही वाण किरकोळ, मग संकर एवढा जोमदार का?" मुलं वह्या चाळू लागली. कळीवरची नजर न काढता तीच म्हणाली, "दोघाईची खोट येगयेगळी हाय, सर. एकाची खोट दुसरा झाकते."

मी फळ्यावर तासभर जनुकांची अक्षरं मांडून हेच सांगतो. तुम्हाला हे कसं कळलं, मी कौतुकानं विचारलं.

"पोरीच्या दुखण्यानं," ती म्हणाली. "तिले सिकलसेल हाय, आई-बापाकडून येनारं रक्ताचं दुखनं. माहं लगन सख्ख्या मामाच्या पोराशी झालं. आमच्या दोघाईत एकच खोट होती, सर. झाकनार कोन?"

दोरा बांधून ती पुढच्या कळीकडे वळली.

कपाशीचे आई-बाप निवडायला आम्ही वर्षानुवर्षं घालवतो. तिच्या लग्नाआधी रक्ताचा एक थेंबही कुणी तपासला नव्हता.