द्राक्षाच्या खोडाची दांडी

आधीच सांगून टाकते, मला कोंबड्या आवडत नाहीत. माझं माहेर नाशकातलं, गंगापूर रोडचं. तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मी, कोंबडी म्हणजे ताटातली तेवढीच माहीत. लग्न होऊन निफाडजवळच्या मळ्यात आले आणि पहिल्याच सकाळी सासूबाईंची एक कोंबडी माझ्या पायातल्या जोडव्यावर टणकन चोच मारून गेली. तेव्हापासून आमचं वाकडं. तेरा वर्षं झाली त्याला. पण सासूबाईंबद्दल सांगायचं तर कोंबड्यांना टाळून सांगताच येत नाही, माझा नाइलाज आहे.

सासूबाई म्हणजे कुसाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. अंगानं काडी, आवाज मात्र बांधापलीकडे जाईल असा. त्यांचा मुलगा वाल्मीक, म्हणजे माझा नवरा, त्याची द्राक्षं बोटीत बसून परदेशात जातात, त्याचं आत्याबाईंना कौतुक जेमतेमच. त्यांचा तोरा वेगळाच. कुसाबाईनं बसवलेली कोंबडी अंडी सोडून उठत नाही, असं पंचक्रोशीत बोललं जातं. त्यामुळे कुणाकडे चांगल्या जातीची अंडी आली की ती आमच्या परसात येणार. आत्याबाई अंडं कानाशी धरणार, हलवून बघणार, नाक मुरडणार, मग ठेवून घेणार. डॉक्टरीणबाईच जशी.

तर ह्या वर्षी काय झालं ते ऐका. दिवाळीनंतर हरसूलकडच्या डोंगरातून मजुरांची टोळी आमच्याकडे द्राक्षाच्या कामाला येते, होळीला परत जाते. त्यातली भिमाबाई वीस वर्षांपासून येतेय. तिचं आणि आत्याबाईंचं असं गूळपीठ आहे की दोघी एकमेकींच्या तंबाखूच्या डबीतलं न विचारता घेतात. फेब्रुवारीत भिमाबाई दोन दिवसांसाठी घरी जाऊन आली ती तोंड उतरवूनच. रानमांजरानं तिच्या सगळ्या कोंबड्या संपवल्या होत्या. तिच्या आईपासून चालत आलेली कोंबड्यांची पिढी ती. बारकी, चपळ, झाडावर उडून बसणारी. तिच्या सुनेला, मीनाला, भिंतीमागच्या टोपलीत तेवढी अकरा अंडी सापडली. ती भाताच्या तुसात घालून, मांडीवर धरून भिमाबाईनं आणली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ताई, एवढंच बी उरलंय," ती म्हणाली.

आत्याबाईंनी एकेक अंडं कानाशी धरून बघितलं. त्यांची काजळी नावाची काळी कोंबडी तेव्हा नेमकी खुडूक झालेली होती, अंडी दिसली की पसरून बसायची. आत्याबाईंचा जीव की प्राण ती. तिच्याखाली अकराच्या अकरा अंडी गेली. दिवस मोजले तर पिलं होळीच्या दोनतीन दिवस आधी निघणार होती आणि भिमाबाई ती सोबत घेऊन जाणार होती. सगळं झक्क ठरलं.

आणि चौदाव्या दिवशी काजळी अंड्यांवरून उठली!

आत्याबाईंचा विश्वासच बसेना. त्यांनी तिला उचलून परत बसवलं, ती परत उठली. मग जो काही पट्टा सुटला त्यांचा, बाप रे. बेइमान काय, खाल्ल्या दाण्याला न जागणारी काय. शेवटी संध्याकाळी तिला खुराड्यात अंड्यांवर ठेवून वरून डालं पालथं घातलं आणि डाल्यावर दगड ठेवला. सकाळी बघतात तर काजळी डाल्याच्या कडेला अंग चोरून उभी आणि अंडी गारठलेली. दिवसा जरा वेळ टेकली, पण दुसऱ्या रात्रीही तेच. तिचा लालभडक तुरा पार फिका पडला होता. दोन दिवस आत्याबाईंच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. भिमाबाईला अजून सांगितलं नव्हतं आणि सांगायचं कसं हेही कळत नव्हतं.

सोळाव्या दिवशी सकाळी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, एका कोंबडीपायी घर उपाशी राहणार का? पदर खोचला आणि खुराड्यात हात घालून अंडी बाहेर काढायला लागले. चौथं अंडं काढेपर्यंत कोपरापर्यंत हात खाजायला लागला. बघते तर अंड्यांवर तिखट सांडल्यासारखे बारीक लाल ठिपके. आणि ठिपके चालत होते! एक नखानं दाबला तर नखाला रक्त लागलं. मी जी ओरडले ती वाल्मीक बागेतून पळत आला.

त्यानं वाकून बघितलं आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. बागेवर पडतो तो लाल कोळीच हा, म्हणाला, आणि निघाला फवारणीचा पंप आणायला. द्राक्षवाल्याला जगातल्या सगळ्या किडींवर एकच उत्तर सुचतं. पण आत्याबाई खुराड्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. बागेतलं औषध माझ्या कोंबड्यांवर मारायचं नाही, आधी माझ्यावर मार, म्हणाल्या. तोवर मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. त्यांनीही वाल्मीकला चांगलं फैलावर घेतलं. हा कोळी कोंबड्यांचं रक्त पिणारा, द्राक्षावरचा नव्हेच. बागेतलं औषध खुराड्यात मारलंस तर किडीआधी कोंबड्या जातील, म्हणाले. आणि हा दिवसा लपतो, अंधारात बाहेर येतो, त्याची लपायची जागा शोधा.

अंडी मात्र गार पडत चालली होती. सकाळचा गारवा आमच्याकडे होळीपर्यंत हटत नाही. आत्याबाईंनी इकडेतिकडे बघितलं, मला खुर्चीत बसवलं, अंडी पुसून माझ्या मांडीवर ठेवली, खाली वाल्मीकची कंबर शेकायची गरम पाण्याची रबरी बॅग, वरून गोधडी, आणि हलायचं नाही म्हणून दम भरला. म्हणजे बघा, कोंबडीचा वास आला की नाक दाबणारी मी, भर अंगणात अंड्यांवर बसले. वाल्मीक हसायला लागला तर त्याच्याकडे मी असं काही बघितलं की गप्प झाला.

मग भिमाबाईला बोलावणं गेलं. ती आली, आत्याबाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. तिनं काजळीला काखेत धरलं, पिसं उलटी करून करून बघितली. चावे पुष्कळ होते, किडे मात्र दोनचारच. हिच्या अंगावर बिऱ्हाड नाय यांचं, ती म्हणाली, आणि खुराड्यात डोकं घालून बघत राहिली.

आता हे खुराडं आत्याबाईंनी स्वतः बांधलेलं. कोंबड्यांना बसायला आडव्या दांड्या लागतात, त्या त्यांनी आमची जुनी बाग उपटली तेव्हाच्या द्राक्षाच्या खोडांच्या केल्या होत्या. खरबरीत दांडी कोंबडीच्या पायाला बरी, घसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंड्यांची टोपली त्याच दांड्यांना टेकून ठेवलेली. आणि द्राक्षाचं खोड कुणी बघितलंय का जवळून? त्याची साल सुटून लोंबत असते, पापुद्र्यावर पापुद्रे. त्या सालीखाली पिठ्या ढेकूण लपतो, म्हणून छाटणीच्या दिवसांत बायका खोडं सोलून काढतात. आमच्या बागेतली निम्मी खोडं दरवर्षी भिमाबाईच सोलते.

तिनं कमरेचं खुरपं काढलं, एका दांडीच्या सालीत घातलं आणि ओढलं. साल सुटली. खाली लाकूड दिसतच नव्हतं. नुसता तांबडा थर, आणि तो सगळा हलत होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वीस वर्षं ही बाई बागेत जे करते तेच तिनं इथं केलं आणि सगळं उघडं पडलं. मी तर खुर्चीतून उठणारच होते, मांडीवरची अंडी आठवली म्हणून बसले.

आत्याबाई तिथंच मातीत बसल्या. "दोन रात्री मीच कोंडलं तिला ह्याच्यात," म्हणाल्या. "आणि वर बेइमान म्हणाले."

बसून राहायला वेळ नव्हता. दांड्या, टोपली, जुनं काड, सगळं वाल्मीकनं लांब नेऊन पेटवलं. आत्याबाईंनी चुलीवर हंडे चढवले. खुराड्याच्या फटीफटीत उकळतं पाणी गेलं, मग चुना गेला. भिमाबाईनं चुलीतली राख चाळून अंगणात ढीग घातला तर काजळी त्यात अशी लोळली, अशी लोळली, जशी जन्मात आंघोळच मिळाली नव्हती तिला. बाकीच्या कोंबड्याही मागोमाग घुसल्या. नव्या घरट्याला द्राक्षाचा प्लास्टिकचा क्रेट घेतला, त्याला फट नाही की साल नाही. आणि तो ठेवायचा कशावर, तर ती अक्कल माझी! माझी आई मुंग्यांसाठी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. मी खुर्चीतूनच ओरडले, स्टूल घ्या, चारी पायांखाली वाट्या ठेवा, पाण्यात तेलाचा थेंब टाका, चढू दे मग कोण चढतंय ते. आत्याबाईंनी माझ्याकडे नवीन बाई बघावी तसं बघितलं. आणि वाट्या आणल्या त्या नेमक्या माझ्या आहेरातल्या. बोलले नाही मी, त्या दिवशी सगळं माफ होतं.

दिवस कलला तसं मी मोबाइलच्या टॉर्चवर एक अंडं धरून बघितलं. आत काळोखी दिसत होती. आणि ती हलली. खरंच हलली! दुसरं धरलं, तेही. मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांना पाणीच आलं.

काजळीला क्रेटमध्ये ठेवलं. ती उभीच राहिली. मी एकेक अंडं तिच्या पायाशी सरकवलं. तिनं मान वाकडी करून बघितलं, चोचीनं एक अंडं पोटाखाली ओढलं, मग दुसरं, आणि हळूच बसली. आत्याबाई तिच्यापुढे ज्वारीचे दाणे ठेवून कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पण एकविसावा दिवस कोरडा गेला. अंड्याला टवकासुद्धा नाही. गारठ्यानं उशीर होतो, असं आत्याबाई म्हणत होत्या खरं, पण दर तासाला स्टुलाभोवती फेरी चाललेली. टोळीचा पिकअप परवा सकाळी निघणार होता. मीही तीनदा जाऊन आले, उगीच वाट्यांतलं पाणी बदललं. बाविसाव्या दिवशी उजाडता उजाडता आत्याबाईंनी माझं नाव घेऊन हाक मारली. वाल्मीकचं नाही, माझं. धावत गेले तर काजळीच्या पंखाखालून बारीक चिवचिव ऐकू येत होती. दुपारपर्यंत आठ पिलं निघाली. तीन अंडी गेली, पण आठ निघाली! भिमाबाई काम टाकून आली आणि मोजतच बसली, परत परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप दारात उभा राहिला. भिमाबाई टोपलीत तूस घालून पिलं न्यायला आली. तर आत्याबाईंनी आधी काजळीला उचलून टोपलीत ठेवलं आणि मग एकेक पिलू तिच्याखाली. भिमाबाई नकोच म्हणायला लागली. कोंबडी तुझी हाय ताई, पिलं मी चुलीपाशी जगवीन, तुझी लाडकी कशी नेऊ. आत्याबाईंनी टोपलीवर फडकं बांधायचं काही थांबवलं नाही.

"अंडी सोडून उठली म्हणून शिव्या घातल्या मी तिला," त्या म्हणाल्या. "आता पिलं सोडून माझ्याकडं ऱ्हा म्हणू व्हय?"

भिमाबाईनं टोपली मांडीवर घेतली. पिकअप हलला आणि काय झालं मला, मी त्याच्यामागं पळतच सुटले. चालकानं ब्रेक मारला. दिवाळीनंतर येताना ह्यातली एक तलंग कोंबडी माझ्यासाठी आण, मी धापा टाकत भिमाबाईला सांगितलं, माझ्यासाठी, आत्याबाईंसाठी नाही. ती हसली आणि हो म्हणाली.

परत आले तर आत्याबाई खुराड्याशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. नवीन दांडीसाठी आणलेला बांबू त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, आधी ह्याच्यावरून हात फिरवून बघ, कुठं साल तर सुटली नाही ना.