हरलेल्याच्या हातची कोळंबी

मंडळी, इथे आखातात, गाला भागातल्या आमच्या गॅरेजात घोषदा आणि बिस्वासदा हे दोन बंगाली मेकॅनिक आहेत. राहतात एकाच खोलीत, पण कोलकात्यातले त्यांचे फुटबॉल क्लब एकमेकांचे कट्टर वैरी! घोषदाचा जिंकला की कोळंबी शिजते, बिस्वासदाचा जिंकला की हिलसा मासा.

काल घोषदाचा क्लब जिंकला. पण त्याचा पाय प्लास्टरमध्ये, मग बाजारात जाणार कोण? बिस्वासदा तर हरल्याच्या दुःखात जेवलासुद्धा नाही.

आज सकाळी तोच सीबच्या मासळीबाजारातून कोळंबी घेऊन आला आणि तोंड फुगवून स्वतः रांधली.

पहिला घास घेऊन घोषदा म्हणाला, "तेरी टीम जीतेगी तो हिलसा मैं बनाऊंगा."

"इन्शाल्ला!" इथल्या अरबांच्या थाटात म्हणत बिस्वासदा एकदाचा हसला.

मीही त्यांच्या पंगतीला बसून दोनदा भात घेतला. दुसऱ्याच्या जिंकण्याचं जेवण तुम्ही कधी रांधलंय का हो?