आधी खुणा, मग थेंब

मदतनीस काका तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत आले होते. कर्णबधिर मुलींचा वर्ग यंदाही नापास झाला, तर तिथे विज्ञान शिकवणंच बंद होणार होतं. नव्या बाई एका हाताने खुणा करत आणि दुसऱ्याने परीक्षानळीत रसायनाचे थेंब सोडत. मुली खुणा बघत, तेवढ्यात रंग बदलून जाई.

शेवटी काकांना राहवलं नाही. "बाई, या पोरी डोळ्यांनी ऐकतात. दोन्हीकडे कशा बघतील? आधी सगळं सांगा, मग हात मागे बांधून गप्प उभ्या राहा."

"म्हणजे मलाच शिक्षा का, काका?" बाई हसल्या, पण त्यांनी ऐकलं. थेंब काकांनी सोडला.

नितळ पाण्यात गुलाबी रंग उमलला आणि अकरा मुलींचे हात एकदम उसळले. प्रत्येकीला एकच विचारायचं होतं, असं का झालं? काका थक्क होऊन त्या हातांकडे बघतच राहिले.