आईचं लाओ आणि ते खोटारडं ॲप

आई मेली, हे तिच्या फोनमधल्या ॲपला अजून कळलेलं नाही.

आज वर्षश्राद्ध. भटजी यायच्या आधी तिच्या फोनवर टिंग वाजलं.
"तुमची आठवण येते! आजचा लाओ भाषेचा धडा राहिला."

शिरा पडो तुमच्या धड्यावर.

हो, लाओ. लाओस देशाची भाषा. माहेर गोव्यात पेडण्याकडचं इब्रामपूर, संसार डिचोलीजवळ मयेत, साठी उलटलेली माझी आई लाओ शिकत होती.

तेव्हा ज्यांनी दात काढले तेच आज सकाळपासून तिच्या फोटोखाली "किती मॉडर्न होत्या" लिहितायत.
वाचतेय मी. सगळं वाचतेय.

माझा भाऊ, आमचा दादा, पाळी गावच्या खाणीवर मशीन चालवायचा. खाण बंद पडली तसा लाओसला तांब्याच्या खाणीवर गेला. तिथल्याच नॉयशी लग्न केलं. नॉयला आई नाही. तिला दिवस गेले तसं आईने जाहीर करून टाकलं,
"बाळंतपणाक मी जातलंय."

मी म्हटलं, "दादा आहे ना, तो सांगेल तिला तू काय म्हणतेस ते."
"बाळंतिणीच्या खोलीत घोवाक कोण घेता? माकाच बोलूक व्हया."

वाड्यावरच्या एका काकीने शहाणपणा शिकवला, "सुनेने मराठी शिकायची असते. सासूने नाही."
आई म्हणाली, "ती कळा देतली काय बाराखडी गिरवतली?"


मग आम्ही दोघी ॲप शोधायला बसलो.
फोनला "लाओ भाषा" म्हटलं की त्याला ते हिंदीतलं "लाओ" वाटायचं. घरपोच किराणा दाखवायचा मेला!
मोठमोठ्या ॲपमध्ये कसल्या कसल्या भाषा. कुणी न बोलणाऱ्यासुद्धा. लाओ नाहीच.
एका कोर्समध्ये नुसती रोमन अक्षरं, आवाजच नाही. त्या भाषेत सूर चुकला की "ये"चा "कुत्रा" होतो. आवाज नसलेला कोर्स घेऊन काय कपाळ फोडायचं?

शेवटी एक सापडलं. वर लाओसचा झेंडा. खाली "नेटिव्ह स्पीकर्स, सर्टिफाइड कोर्स".

आई त्यावर तुटून पडली. कानात इअरफोन घालून भाकऱ्या थापायची. पोफळींना पाणी लावताना मोठ्याने घोकायची. चार महिने.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर, पदर सारखा करून, नॉयला म्हणाली,
"मॅ रक लूक."
म्हणजे, आईचं लेकीवर प्रेम आहे.

नॉय हसली. मग तिचा चेहरा जरा अवघडला. दादाच्या कानात काहीतरी कुजबुजली.
दादा म्हणाला, "आई, हे थाई आहे गो. लाओत रक नाही म्हणत. हक म्हणतात."

थाई!
अख्खा कोर्स थाई, आणि वर झेंडा लाओसचा!

आम्हाला कसं कळणार? दोन्ही लिप्या आमच्या डोळ्यांना सारख्याच, गोल गोल जिलब्या. आणि उगाच स्वतःला दोष देत बसणाऱ्यातली मी नाही. खोटं त्यांनी विकलं.

कस्टमर केअरला मेल केला. उत्तर आलं, "दोन्ही भाषा जवळपास सारख्याच आहेत. हॅपी लर्निंग!"

आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग अशी भडकली की बास.
"सारख्याच? आमची पेडण्याची भास ऐकान लोक म्हणतत, ही धड कोंकणी नाय नि धड मराठी नाय. तेव्हा आमका कसा वाटता? तसाच तिका वाटला आसतला."

नॉयला थाई कळतं, टीव्ही बघून. पण कळा येत असताना टीव्हीची भाषा कुणाला हवी असते हो?

मग दादाच्या ओळखीने तिकडचीच एक रिटायर्ड बाई शिकवायला मिळाली. ॲप नाही, सर्टिफिकेट नाही. नुसता व्हिडिओ कॉल. सूर चुकला की ती आईला तिथल्या तिथे थांबवायची.
"हक? हाक मारल्यासारखा. ऱ्हवता ध्यानात," आई म्हणाली.
तिकडेही बाळंतिणीला निखाऱ्यापाशी निजवून शेक देतात, हे कळल्यावर आईने ते पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा सांगितलं.

मग सुरू झाले नॉयला व्हॉइस मेसेज. जेवलीस का. दुखतं का. श्वास घे. भिऊ नको.
नॉय थेट आईलाच उत्तर द्यायची. दादा मधून कटाप.

जेमतेम तीन आठवडे. त्या दोघींच्या वाट्याला एवढंच बोलणं आलं.

तिकीट काढून झालं होतं. बॅगेत बाळंतकाढा आणि जुन्या लुगड्याची दुपटी. आणि पहाटे छातीत कळ. डिचोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.
नॉयचे दिवस भरत आलेले, म्हणून दादाला येता आलं नाही. त्याने आईला फोनवर बघून निरोप दिला.

ॲपवाल्यांनो, मला तुमचं सॉरी नको. ते चार महिने द्या. चार महिने माझी आई आणि तिची सून एकमेकींशी बोलल्या असत्या. ते तुम्ही खाल्लेत.

आईचं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात नॉयला कळा सुरू झाल्या. दादाला बाहेरच ठेवलं. नर्स फोन काढून घ्यायला आली, तर नॉयने सोडला नाही. आईचा एक मेसेज ती परत परत लावत होती.
"मॅ यू नी."
आई इथे आहे.

मुलगी झाली.

नंतर, फोनवरचा तो आवाज ऐकलेल्या नर्सने नॉयला विचारलं म्हणे, "तुझी आई कुठल्या गावची?"
परक्या देशाची असेल, असं तिच्या मनातही आलं नाही.
नॉय म्हणाली, "मये."

आई, तुझं लाओ अगदी बरोबर होतं गो.
जा आता सुखाने.