कुत्र्याला कसले बूट

मंडळी, आत्ता मोटेलवर पोचलोय. बंड्या माझ्या पायाशी घोरतोय, म्हणून लिहायला सुचतंय.

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना माहीत आहे, पायथ्याच्या गावातलं एखादं कुत्रं आपणहून सोबत येतं आणि थेट गडावर घेऊन जातं. बिस्किटाचा पुडा दिला की खूश. त्याच भरवशावर मी आमच्या बंड्याला, कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या अपार्टमेंटमध्ये वाढलेल्या बीगल कुत्र्याला, इथल्या सिएरा पर्वतातल्या उंच खिंडीकडे घेऊन निघालो.

निघताना बायको, मृणाल, म्हणाली होती, “त्याचे बूट घेऊ या का?”

“कुत्र्याला कसले बूट, यार?”

खिंडीच्या अलीकडे झाडं संपली आणि नुसते धारदार दगड सुरू झाले. तिथे बंड्या जो बसला तो हलेचना. बिस्किटाची ट्रीट दाखवली, ओरडलो, काही उपयोग नाही. वर ढग गडगडायला लागले. मृणालने त्याचा पंजा उचलून मला दाखवला. खालची गादी फाटून रक्त येत होतं.

माझं सगळं सामान तिच्या बॅगेत कोंबलं आणि माझ्या बॅगेत बंड्याला बसवलं, डोकं बाहेर. परत झाडांपर्यंत उतरलो तेव्हा मागे विजा कडाडत होत्या आणि हा माझा कान चाटत होता.

खाली गावातल्या व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, पट्ट्या बांधल्या. आठवडाभरात बरा होईल म्हणाली. 

 मघापासून मला एकच प्रश्न पडलाय. आपल्याला गडावर नेणाऱ्या त्या कुत्र्यांचे पंजे तुमच्यापैकी कुणी कधी उचलून पाहिले होते का?